बॅटरी बदलली, समजुती जुन्याच

लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आला आणि त्याच्यासोबत बॅटरीची एक पक्की प्रतिमाही घरात शिरली. जड, ॲसिडची, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी आणि तीन-चार वर्षांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणारी ती बॅटरी. पुढे कॉर्डलेस फोनने आणि पहिल्यावहिल्या मोबाइलने आणखी काही नियम शिकवले. आज कुणी विजेची गाडी घ्यायचं म्हटलं की सोसायटीच्या कट्ट्यावर हेच नियम बाहेर निघतात. सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी एके काळी खऱ्या होत्या, फक्त त्या वेगळ्या बॅटरीबद्दल होत्या.

समज : विजेची गाडी हे आत्ताचं खूळ आहे.

ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेची होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्सीने १८९९ मध्ये पॅरिसजवळ ती ताशी १०५ किलोमीटरच्या वर पळवली. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ गाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,५७५ विजेच्या होत्या, पेट्रोलच्या ९३६ आणि उरलेल्या वाफेच्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा विजेची गाडी वापरत असे.

मग ही गाडी मागे का पडली? तेल कंपन्यांनी ती दाबली, ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण ती पुरी पडत नाही. टेक्सासमध्ये १९०१ मध्ये तेलाचा प्रचंड साठा लागला आणि पेट्रोल स्वस्त होत गेलं. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. पेट्रोल गाडीची एकच मोठी कटकट राहिली होती, ती म्हणजे समोर उभं राहून हँडल मारणं. त्यात लोकांचे हात मोडत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला आणि तोही त्रास संपला. हा स्टार्टर म्हणजे एक विजेची मोटर आणि एक शिशाची बॅटरी. विजेच्या गाडीला बाजारातून घालवायला बॅटरीनेच हातभार लावला.

खरी अडचण वजनाची होती. पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली. तिच्या एका किलोत ३०-४० वॉट-तास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ हजार. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे धरलं, तरी सामना एकतर्फीच. एडिसनने कित्येक वर्षं खपून लोखंड-निकेलची चिवट बॅटरी केली, पण ती बाजारात स्थिरावेपर्यंत गाडीचा निकाल लागलेला होता.

भारतात २००१ मध्ये बंगळुरूहून आलेली रेवा ही छोटी गाडीही शिशाच्याच बॅटऱ्यांवर धावत होती. तिच्या मर्यादा या तिच्या बॅटरीच्या मर्यादा होत्या.

समज : लिथियम बॅटरी टेस्लाने आणली.

टेस्लाने २००८ च्या रोडस्टरमध्ये ६,८३१ सेल एकत्र जोडले. ते सेल मुळात लॅपटॉपमध्ये असायचे त्याच मापाचे होते. आधीची कहाणी कितीतरी लांब आहे आणि तिची सुरुवात चक्क एका तेल कंपनीत होते.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा एक्सॉनने पर्यायी ऊर्जेवर पैसा लावला. तिथे स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि परत बाहेरही येतात, हे बॅटरीत वापरून दाखवलं. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला मात्र शुद्ध लिथियम धातू होता, आणि तो पेट घेई. प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली की अग्निशमन दलाने आग विझवायच्या खास रसायनांचे पैसे तुमच्याकडून वसूल करू, अशी तंबी दिली. तेलाचे भाव उतरले आणि एक्सॉनचा रस संपला.

१९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून चार व्होल्टची बॅटरी करता येते हे दाखवलं. ऑक्सफर्ड विद्यापीठाला त्याचं पेटंट घेण्याइतकीही त्यात गोडी वाटली नाही. १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूला पूर्ण फाटा दिला आणि त्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे एक प्रकारचा कार्बन, वापरला. मग त्यांनी बॅटरीवर जड वजन टाकून पाहिलं. स्फोट झाला नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर टाकलं, तेव्हा झाला. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, आणि तिचं पहिलं मोठं काम होतं हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याला वीज देणं.

या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यान दिलं ते त्यांचे जुने सहकारी, तमिळनाडूचे अरुमुगम मंथिराम यांनी.

सेल उघडून पाहिला (घरी अजिबात करू नये) तर आत भरीव काही नसतं. तांब्याचा एक पातळ पत्रा, त्यावर ग्रॅफाइटचा काळा लेप. ॲल्युमिनियमचा दुसरा पत्रा, त्यावर धातूच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा लेप. मधे सच्छिद्र प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि हे सगळं सुरळीच्या वडीसारखं घट्ट गुंडाळून द्रवात भिजवलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना परत येतात. पेट्रोलसारखं लिथियम जळून संपत नाही. गाडी भंगारात निघते तेव्हाही ते त्या पॅकमध्येच असतं, म्हणून पुनर्वापराच्या कारखान्यांना त्यात रस आहे.

समज : बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी.

ही शिकवण कॉर्डलेस फोनच्या काळातल्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. ती बॅटरी अर्धवट उतरवून वारंवार चार्ज केली तर तिची क्षमता घटल्यासारखी वागायची, म्हणून मधूनमधून ती पूर्ण उतरवत. लिथियमचं नेमकं उलटं आहे. शून्यापर्यंत नेणं आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास उन्हात उभी ठेवणं, दोन्ही तिला सोसत नाही. रोजच्या वापरात वीस ते ऐंशीच्या दरम्यान राहिलं तर ती अधिक टिकते. अपवाद एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय हे गाडीच्या यंत्रणेला नीट उमगत नाही. म्हणून अनेक कंपन्या ती ठरावीक काळाने शंभर टक्के भरा असं सांगतात. गाडीचं मॅन्युअल वाचणं कंटाळवाणं असतं, पण या बाबतीत कट्ट्यावरच्या सल्ल्यापेक्षा ते बरं.

समज : आठ वर्षं झाली की बॅटरी संपली.

आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही वॉरंटीची मुदत आहे, आयुष्याची नाही. त्या मुदतीत क्षमता ठरावीक पातळीखाली, बहुधा ७० टक्क्यांखाली, गेली तर कंपनी जबाबदार, एवढाच तिचा अर्थ. हिशेब करून पाहा. एका चार्जमध्ये खरोखरची २५० किलोमीटर रेंज मिळते आणि बॅटरी पूर्ण भरून-उतरून हजार फेऱ्या करते असं धरलं, तरी अडीच लाख किलोमीटर होतात. बऱ्याच घरांतली पेट्रोल गाडी तेवढं कधीच चालत नाही.

आपल्याकडे खरी काळजी उष्णतेची आहे. पहिल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायची कार्यक्षम सोय नव्हती, आणि अमेरिकेत ॲरिझोनासारख्या तापट भागात तिची रेंज भराभर घटल्याच्या तक्रारी २०१२ च्या सुमारास आल्या. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तेच होऊ शकतं. त्यामुळे गाडी घेताना सनरूफची चौकशी करण्याआधी बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का हे विचारावं. जुनी गाडी घेताना तर बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय व्यवहार करू नये.

समज : या गाड्या पेट घेतात.

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह काही शहरांत विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. ती भीती उगाच नव्हती. सरकारी तपासात काही कंपन्यांच्या सेलमध्ये, पॅकच्या रचनेत आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिममध्ये दोष आढळले. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम दोन टप्प्यांत कडक झाले. एका सेलमधली आग सगळ्या पॅकमध्ये पसरू नये, हा त्यातला कळीचा मुद्दा.

एकूण प्रमाण पाहायचं तर स्वीडनच्या सरकारी संस्थेची २०२२ ची आकडेवारी आहे. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांत दर लाखामागे सुमारे ४ आगी, तर सर्व प्रकारच्या गाड्या मिळून दर लाखामागे ६८. विजेच्या गाड्या सरासरीने नव्या आहेत हेही यात लक्षात घ्यावं लागेल. पण तफावत इतकी मोठी आहे की तेवढ्याने ती पुसली जात नाही.

या आगीचं वेगळेपण मात्र खरं आहे. निकेल-कोबाल्टचे ऑक्साइड तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे आग बाहेरून कोंडून भागत नाही. भरपूर पाणी मारून पॅक थंड करावा लागतो, आणि ती पुन्हा भडकूही शकते. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती तुलनेने शांत. अक्षय पाढी, गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी हे रसायन १९९७ मध्ये मांडलं. त्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, त्यामुळे काँगोच्या खाणींतल्या मजुरांच्या हालांवरून कोबाल्टवर घेतला जाणारा आक्षेप या बॅटरीला लागू पडत नाही.

समज : वीज कोळशाची, मग फायदा काय?

हा सगळ्यांत दमदार आक्षेप, आणि त्याला दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा आकडेमोडीने उत्तर दिलेलं बरं. भारतात सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. छोटी एसयूव्ही १०० किलोमीटरला १५ युनिट घेते असं धरलं तर साडेदहा किलो. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात १५ किलोच्या वर सोडते. तारांमधली गळती आणि रिफायनरीचा खर्च दोन्हीकडे मिळवला तरी विजेची गाडी पुढे राहते. आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये बॅटरी बनवण्यापासूनचा सगळा हिशेब मांडला, तेव्हा भारतात ही बचत १९ ते ३४ टक्के निघाली. युरोपात ती ६६ ते ६९ टक्के होती. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाइतका नाही. लिटरला २२-२३ किलोमीटर देणाऱ्या चांगल्या हायब्रिडशी तुलना केली तर आज तो फारच थोडा उरतो. फरक इतकाच की ग्रिडमध्ये सौरऊर्जा वाढेल तशी जुनी विजेची गाडीही स्वच्छ होत जाते, पेट्रोलच्या गाडीचं तसं नाही. शहरातला धूर कमी होणं हा फायदा यात धरलेलाच नाही.

समज : काश्मिरात लिथियम सापडलं, आता स्वस्ताई.

२०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यातल्या साठ्याची बातमी आली. ५९ लाख टन हा आकडा शुद्ध धातूचा नव्हता, शिवाय तो प्राथमिक अंदाज होता. त्या ब्लॉकच्या लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. बॅटरी स्वस्त झाली ती कारखान्यांमुळे. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एका किलोवॉट-तासाच्या पॅकला हजार डॉलरहून अधिक पडत, २०२४ मध्ये ११५.

समज : थोडं थांबा, नवी बॅटरी येतेय.

येतेयच. सॉलिड-स्टेटवर, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीवर, जपानी कंपन्या काम करताहेत, आणि पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन तंत्रज्ञान विकसित केल्याचं २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. मिठातला सोडियम कुठेही मिळतो, त्यामुळे स्कूटर आणि रिक्षांसाठी ते उपयोगी ठरू शकतं. पण एक्सॉनच्या प्रयोगशाळेपासून सोनीच्या कॅमेऱ्यापर्यंत दीड दशक गेलं, आणि एलएफपीच्या शोधापासून ती गाड्यांमध्ये सर्रास दिसेपर्यंत दोन दशकं. रोजचं येणं-जाणं चाळीस-पन्नास किलोमीटरचं असेल आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट काढता येत असेल, तर आजची बॅटरी पुरेशी आहे. दर आठवड्याला पुणे-नागपूर करणाऱ्याने मात्र आधी वाटेतल्या चार्जरची यादी घेऊन बसावं, त्यातले चालू किती हे ॲपवर पाहावं, आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.