मिठाची फॅशन, बाळाचं आयोडीन

पिंक सॉल्ट, सी सॉल्ट, सैंधव... किचनमधलं मीठ हल्ली भलतंच ट्रेंडी झालंय. पण घरात पाळणा हलणार असेल, तर साध्या पांढऱ्या मिठाची पिशवी रिटायर करण्याआधी हे वाचाच!

तुमच्या मॉड्युलर किचनमधला मिठाचा कप्पा एकदा उघडून बघा. सॅलडवर भुरभुरायला गुलाबी मीठ, बेकिंगसाठी जाडसर सी सॉल्ट, ताकासाठी पादेलोण, उपवासाला सैंधव. आणि आईच्या घरी असायची ती एक किलोची आयोडाइज्ड मिठाची पिशवी? ती बहुधा सिंकखाली, भाज्या धुवायला! पाकिटावर ‘नॅचरल’ किंवा ‘अनरिफाइण्ड’ असं वाचलं, की जास्तीचे पैसे मोजायला आपण एका पायावर तयार.

चवीबद्दल तक्रार नाही. घोडं अडतं ते आयोडीनपाशी. गुलाबी मिठाला रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या अंशामुळे, पण आयोडीन त्यात जवळपास नसतंच. ‘सी सॉल्ट म्हणजे समुद्रातलं आयोडीन आलंच’ हाही गैरसमज. उरण-पेणच्या मिठागरातलं खडेमीठ असो की इम्पोर्टेड बरणीतलं, बाहेरून आयोडीन मिसळलं नसेल तर त्यात ते नावापुरतंच.

टी-४चा फंडा

गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून हॉर्मोन तयार करते. लॅब रिपोर्टवरचे टी-३ आणि टी-४ आठवतात? ते आकडे म्हणजे त्या हॉर्मोनच्या एका रेणूतले आयोडीनचे अणू. कच्चा मालच आला नाही तर फॅक्टरी चालणार कशी?

प्रेग्नन्सीत ही फॅक्टरी डबल शिफ्टमध्ये चालते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या हॉर्मोनवर सुरू असते. पुढेही आयोडीन येतं ते आईकडूनच. आधी नाळेतून, मग अंगावरच्या दुधातून. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगितलंय, तर गर्भवती आणि बाळंतिणीसाठी २५०. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ९० लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरज एवढीशी, पण रोजची!

आणि खरी गोम पुढेच आहे. ‘गुड न्यूज’ कळेपर्यंत पाच-सहा आठवडे सहज उलटून गेलेले असतात. म्हणजे मिठाचा निर्णय प्लॅनिंगच्या वेळीच व्हायला हवा.

कांगड्यापासून ब्रिस्टलपर्यंत

पांढऱ्या मिठात आयोडीन आलं त्यामागे एक झकास देशी गोष्ट आहे. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. तिथे गलगंड घरोघरी होता. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, तिसऱ्यात साधंच. काही वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड ठळकपणे घटला. मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ मिळालं आणि तिथेही तसंच घडलं. याच कामाच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गळ्यावरची गाठ दिसते, मेंदूचं नुकसान दिसत नाही हे पुढे उमगलं, आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन कमतरतेचे विकार’ आले. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावरची केंद्राची बंदी २००० मध्ये उठली होती, ती २००६ पासून पुन्हा लागू झाली.

‘हे डोंगरातल्या लोकांचं झालं, आपण तर व्यवस्थित खातो-पितो!’ थांबा. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिस्टल परिसरातल्या हजारभर आयांचं गरोदरपणातलं आयोडीन आणि पुढे त्यांच्या मुलांची प्रगती ताडून पाहिली होती. ज्या आयांचं आयोडीन कमी, त्यांची मुलं आठव्या वर्षी भाषिक बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी वाचनात मागे असण्याची शक्यता जास्त निघाली. अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण इशारा पुरेसा आहे. ब्रिटनमध्ये मिठात आयोडीन घालणं सक्तीचं नाही. ऑनसाइट जाणाऱ्या जोडप्यांनो, तिथल्या सुपरमार्केटमधून मीठ उचलताना लेबल वाचाच!

आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ९४ टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ सापडलं. मस्त! पण २०१८-१९च्या आयोडीन सर्वेक्षणात पुरेसं, म्हणजे किमान १५ पीपीएम आयोडीन असलेलं मीठ सुमारे ७६ टक्के घरांतच होतं. त्यात आपण हौसेने गुलाबी मिठाकडे वळलो, तर हातातलं सुरक्षाकवच स्वतःच काढून ठेवल्यासारखं.

मग करायचं काय?

• रोजच्या वरण-भाजीत आयोडाइज्ड मीठच. पिंक सॉल्ट आणि सैंधव हौसेपुरतं.

• पाकिटावरचा हसऱ्या सूर्याचा लोगो आणि तारीख बघा. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. शक्यतो स्वयंपाकात शेवटी घाला.

• आयोडीन हवं म्हणून जास्त मीठ खाऊ नका. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, याहून कमीच बरं. १५ पीपीएमच्या पाच ग्रॅम मिठातून मिळतं ७५ मायक्रोग्रॅम. उरलेल्यासाठी दूध, दही, अंडी, समुद्रातले मासे.

• दूध आणि मासे दोन्ही बंद, व्हेगन डाएट सुरू? डॉक्टरांना आवर्जून सांगा. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीत आयोडीन नसतं.

• समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आयोडीनचा ओव्हरडोसही थायरॉइड बिघडवतो. थायरॉइडची गोळी चालू असली तरी मीठ स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

• वर्षाच्या आतल्या बाळाच्या मऊ भातात वरून मीठ नको. त्याचं आयोडीन मुख्यतः तुमच्या दुधातून येतं, म्हणून आयोडाइज्ड मीठ तुमच्या ताटात हवं.

बाळाच्या खोलीचा रंग, स्ट्रोलरचा ब्रँड, प्लेस्कूलची वेटिंग लिस्ट, सगळ्यावर तुम्ही रात्र-रात्र रिसर्च करणार आहातच. त्या लिस्टमध्ये सगळ्यात वर मिठाची ती साधी पिशवी लिहून टाका. लिस्टमधली सगळ्यात स्वस्त खरेदी तीच असेल.