वाट्याला आलेला समुद्र

दर्यावर जगणाऱ्या माणसांची सांपत्तिक स्थिती विचारायची म्हटली की आपण पहिल्यांदा मासळीचा आकडा मागतो. किती टन उतरली, भाव काय मिळाला. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारावा : ती मासळी कुणाकुणात वाटली गेली? हा प्रश्न घेऊन मालवणच्या बंदरावर उभं राहिलं तर थायलंडचं आखात आणि अलास्काच्या उत्तर टोकावरचे इनुपियात लोक, दोन्ही आपल्याला ओळखीचे वाटू लागतात. समुद्र वेगळे, देव वेगळे, ताटातलं अन्न वेगळं. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिन्ही किनाऱ्यांवर इंजिन आलं, बाहेरचं भांडवल आलं, सरकारी कायदे आले, आणि कुणाच्या वाट्याला काय, हा हिशोब प्रत्येक ठिकाणी नव्याने मांडावा लागला.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत आणि हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. हा दुसरा आकडा वाचताना मुंबई आठवावी. इथल्या घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात गेले, मनीऑर्डरी आल्या, १९८२ च्या संपानंतर त्या आटल्या. किनाऱ्यावरच्या गाबीत मच्छीमार घरांचंही तेच. एक भाऊ दर्यावर आणि एक मुंबईत, अशी विभागणी घरोघरी असे. मासळी न मिळालेल्या वर्षी मुंबईचा पैसा घर चालवी, आणि संप-टाळेबंदीत मुंबईचा भाऊ गावी आला की त्याला रापणीवर दोर मिळे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक पुन्हा वाळूवर आणून देते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात. चाळीस, साठ, कधी शंभरही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर थंडीतल्या एका सकाळी मी ते जवळून पाहिलं. ओल्या दोराने तळहात सोलतात म्हणून काहीजणांनी कमरेला पट्टा बांधून त्यात दोर अडकवला होता आणि ते पाठीने मागे रेटत होते. पाण्यात छातीपर्यंत उतरलेले दोघेजण जाळ्याचा तळ पायाने दाबून धरत होते, खालून मासळी निसटू नये म्हणून. दोन तासांनी जाळं काठाला आलं तेव्हा बांगडा थोडा, पेडवे जास्त. दोराच्या शेवटी एक म्हातारी उभी होती. तिने ओढलं असेल-नसेल, दोराला हात मात्र लावला होता. ‘वाटो घेवन जा गो,’ कुणीतरी ओरडलं, आणि तिच्या टोपलीत दोन ओंजळी मासळी पडली.

रापणीचा हा नियमच आहे. दोराला हात लावणाऱ्याला कालवणापुरती मासळी मिळते. बाकीची लिलावाला जाते आणि आलेल्या पैशातून होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो. जाळंही बहुधा एकट्याचं नसतं. संघातल्या घरांनी आपापले तुकडे आणून जोडलेलं असतं. त्यामुळे दर्याने पाठ फिरवली तर तोटाही सगळ्यांत वाटला जातो, कुणी एकटा बुडत नाही. कोणत्या संघाने कोणत्या पट्ट्यात जाळं टाकायचं, कुणाची पाळी आधी, हे ठरवायला कागद लागत नाही. वाडीवाडीत ते माहीत असतं.

ही व्यवस्था गरीब होती, हे लपवण्यात अर्थ नाही. रापणकरांच्या मुलांनी शाळा सोडल्या, सावकाराची बाकी पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि लिलावातला फायदा बर्फ व गाडी ज्याच्या हातात त्याच्याकडेच जास्त गेला. तरीही गावातलं कुणी उपाशी राहू नये, एवढी सोय तिच्यात होती. इंजिनाने आधी नेमकी हीच सोय मोडली.

ते कसं मोडतं, हे थायलंडच्या आखातात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. १९६० च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या मदतीने तिथे तळ खरवडणारी ट्रॉल जाळी आली. सुरुवातीला एका तासाच्या ट्रॉलिंगमध्ये सुमारे ३०० किलो मासळी मिळे. १९८० च्या दशकात हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला. आखात रिकामं होत गेलं तसे ट्रॉलर लांब जाऊ लागले. मोठ्या बोटी, महिनोन्‌महिन्यांच्या सफरी. १९८९ च्या ‘गे’ चक्रीवादळात शेकडो खलाशी बुडाले आणि थाई तरुणांनी बोटीकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. देशात कारखाने वाढत होते, जमिनीवर बरा पगार मिळत होता. बोटींवर मग म्यानमार आणि कंबोडियाची माणसं आली. दलालांच्या कर्जात अडकलेली, कित्येकदा कागदपत्रं मालकाकडे जप्त असलेली. थायलंड मासळीच्या निर्यातीत जगातल्या आघाडीच्या देशांत गेला आणि ती मासळी पकडणारा माणूस वाट्यावरून मजुरीवर, मजुरीवरून वेठीवर आला. एप्रिल २०१५ मध्ये युरोपीय संघाने ‘पिवळं कार्ड’ दाखवलं, म्हणजे निर्यात बंद करण्याचा इशारा दिला, तेव्हा बोटींची नोंदणी, बंदरांवरची तपासणी आणि खलाशांचे करार ही कामं सरकारने नेटाने हाती घेतली. जानेवारी २०१९ मध्ये ते कार्ड मागे घेतलं गेलं, आणि त्याच महिन्यात मासेमारी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा थायलंड हा आशियातला पहिला देश ठरला.

हे वाचताना मला देवगड-रत्नागिरीच्या बोटींवरचे नेपाळी खलाशी दिसतात. ज्यांनी लहानपणी समुद्र पाहिलेला नाही अशी डोंगरातली मुलं आज आपल्या कोकणच्या यांत्रिक नौका चालवतात. त्यांची स्थिती थायलंडसारखी आहे असं मी म्हणत नाही. पण आपली मुलं बोटीवर जायला तयार नाहीत आणि दुसऱ्यांची मुलं स्वस्तात मिळतात, ही साखळी तीच आहे. खलाशाचा करार, विमा, आजारपणातला पगार यांविषयी आपल्या बंदरांवर जेवढं बोललं जातं त्याच्या दसपट डिझेलच्या परताव्याविषयी बोललं जातं.

मालवणात ट्रॉलरपेक्षा मोठा घाव पर्ससीन जाळ्याने घातला. हे जाळं मासळीचा अख्खा थवा वेढून खालून बटव्यासारखं आवळतं. बांगडा आणि तारली थव्याने किनाऱ्याकडे येतात, आणि रापण त्यांच्यावरच जगते. थवा बाहेरच वेढला गेला तर वाळूवरच्या शंभर माणसांना ओढायला काही उरत नाही. कर्नाटकात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन आलं आणि काही वर्षांतच तिथली रांपण जवळजवळ संपली. गोव्यात त्याच काळात मतानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रांपणकार रस्त्यावर उतरले, त्यातून पुढे देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, पण पर्ससीनचा प्रश्न चिघळत राहिला. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीतली पर्ससीन मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळापुरती ठेवली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासळी ओढण्यावर बंदी घातली. कागद चांगले आहेत. रात्री तारकर्लीच्या वाळूवरून समुद्रात उजेडाची रांग दिसते तेव्हा त्या कागदांची किंमत कळते. कर्नाटकातल्या मलपीचे वेगवान ट्रॉलर मालवणसमोर येऊन जाळी फाडून जातात, ही तक्रार तर दर हंगामाची.

आता उत्तरेकडे. अलास्काचा नॉर्थ स्लोप हा भाग महाराष्ट्राच्या साधारण तीन-चतुर्थांश एवढा, आणि २०२० च्या गणनेत माणसं जेमतेम अकरा हजार. त्यांत इनुपियातांचा वाटा मोठा. उत्कियागविक हे त्यांचं मुख्य गाव. २०१६ पर्यंत नकाशावर त्याचं नाव बॅरो होतं. वसंतात बर्फाला भेगा पडतात, त्या पाण्याच्या वाटेने बोहेड देवमासे उत्तरेला जातात. सीलच्या कातड्याच्या होड्या घेऊन इनुपियात बर्फाच्या कडेला तळ ठोकतात. देवमासा मारला गेला की तो बर्फावर ओढायला गाव लोटतं. जाड दोर, कप्प्या आणि त्याला लागलेली पोरंटोरं, म्हातारे, बायका. दांडीच्या किनाऱ्यावरचा माणूस तिथे नेऊन सोडला तर त्याला कुणी काही शिकवायची गरज पडणार नाही. मारणाऱ्या चमूला, ओढायला मदत केलेल्या इतर चमूंना ठरलेले वाटे, कप्तानाच्या घरी गावजेवण, आणि जूनमधल्या नालुकाताक सणात पुन्हा वाटप. हे मांस विकता येत नाही, द्यावंच लागतं. कप्तानाची प्रतिष्ठा किती साठवलं यावर ठरत नाही, किती दिलं यावर ठरते.

१९६८ मध्ये त्यांच्या प्रदेशात, प्रुडो बे इथे, तेल सापडलं. अमेरिकन सरकारला पाइपलाइन हवी होती आणि जमिनीवर मूळ रहिवाशांचा दावा होता. डिसेंबर १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांना सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले, बाकीचे दावे संपले. या सौद्यावर तिथे आजही मतभेद आहेत. पण १९७२ मध्ये एबेन हॉप्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नॉर्थ स्लोप बरो’ ही स्थानिक शासनसंस्था स्थापन केली आणि तेल कंपन्यांच्या मालमत्तेवर कर बसवला. त्या करातून शाळा, दवाखाने, वीज, नळाचं पाणी आलं. तेल कंपन्यांचं होतं. त्यावरचा कर गावाच्या हातात आला.

मला खरा धडा वाटतो तो १९७७ मधला. बोहेड नामशेष होतोय, हजार-दोन हजारच उरलेत, असं म्हणत आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने ही शिकार बंद केली. देवमाशांचा खरा संहार एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन व्यापारी जहाजांनी केला होता, शिक्षा इनुपियातांना. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एस्किमो व्हेलिंग आयोग काढला आणि सांगितलं की तुमची मोजणी चुकली आहे. शास्त्रज्ञ उघड्या पाण्यात दिसणारे देवमासे मोजत होते. शिकाऱ्यांना माहीत होतं की देवमासे बर्फाखालूनही जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात. मग बरोने तेलाच्या करातून पैसा घातला, शास्त्रज्ञ नेमले, पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले. शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. पहिल्या बंदीनंतर काही देवमाशांचा कोटा मिळाला होता, तो वाढत गेला. २०११ च्या मोजणीत संख्या सतरा हजारांच्या जवळ पोचली होती.

तिथे सगळं आलबेल नाही. दुकानातलं अन्न विमानाने येतं, प्रचंड महाग. किनारा झिजतो आहे, बर्फ उशिरा धरतो, तरुणांमधल्या आत्महत्या हे त्या समाजाचं खोल दुःख आहे. जमिनीवरच्या तेलाला होकार देणारे बरेचजण समुद्रातल्या तेलविहिरींना विरोध करतात, कारण देवमाशाची वाट तिथून जाते. पण तो होकार किंवा नकार द्यायला त्यांच्याकडे कार्यालय आहे, पैसा आहे, स्वतःची मोजणी आहे.

इकडे मालवणात १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटर, गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड. मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा आखली गेली आणि तो अविश्वास अजून पुरता गेलेला नाही. रापणकराला कोणत्या खडकाशी कोणत्या वाऱ्यात काय लागतं ते ठाऊक असतं, पण त्याच्या रोजच्या मासळीची सलग नोंद त्याच्या संघाच्या नावावर कुठे ठेवलेली नाही. पर्ससीनमुळे आमचं इतकं गेलं, हे सांगायला उभं राहिल्यावर त्याच्या हातात आकडा नसतो. रापण संघांनी वहीत तारीख, मासळी, वजन आणि लिलावाचा भाव रोज लिहायला घेतला तर पाच वर्षांत एक पुरावा तयार होईल. या कामाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ट्रांग प्रांतातल्या थाई मच्छीमार गावांनी १९८५ पासून याडफोन या संस्थेच्या साथीने कांदळवन आणि समुद्री गवत राखलं, स्वतः हद्द घातली, आणि मासळी परत आल्याचं दाखवून दिलं. शासन नंतर आलं. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनात होडीने पर्यटक फिरवतात आणि तो पैसा त्यांच्याच गटात राहतो. हेच काम किल्ल्यासमोरच्या स्नॉर्केलिंगमध्ये का होऊ नये?

हे विचारायचं कारण, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून आपलं प्रुडो बे म्हणजे ही वाळूच आहे. निवास-न्याहरी, स्कूबा, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी. रापणीचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच, ऑक्टोबर ते मे. ज्या घरातला मुलगा बोट चालवतो त्याचं बरं चाललंय, आणि ते चांगलंच आहे. पण जाळं ओढायची, होडी वर घ्यायची आणि मासळी सुकवायची वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. रिसॉर्टची भिंत पुढे सरकली की आधी म्हातारीची सुकी सुंगटं पसरायची जागा जाते, मग होडीची.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला सातबारा असतो, रापणकराला काय, हे आता विचारायला हवं, आणि त्यासाठी कायद्यात जागा आहे. किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापनाच्या गावनिहाय नकाशांवर मच्छीमार वस्त्या, जेट्या, मासळी सुकवण्याच्या जागा आणि मच्छीमारांच्या सामायिक जागा दाखवायच्या असतात. तळाशील, तोंडवळी, दांडी, देवबाग इथल्या संघांनी आपल्या गावाचा नकाशा ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मागून घ्यावा. आपली रापणीची जागा त्यावर आहे का, ते बघावं. नसेल तर पुढच्या ग्रामसभेचा पहिला ठराव तोच असावा.