पद्मिनी खरी कशावरून?

नागपूरच्या सदर भागातल्या एखाद्या गल्लीत चकाचक प्रीमियर पद्मिनी गाडी दिसली, तर नुसत्या रंगावर भाळू नका. छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेला लावा. पत्रा असेल तर चिकटतं. गंज झाकायला पुट्टी थापली असेल तर घसरून पडतं. मग आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहा. तो घासून बदललेला असला, तरी मूळ आकडे ठोकताना खालचं पोलाद दबलेलं असतं. आम्ल लावलं की तो भाग वेगळ्या वेगानं झिजतो आणि बरेचदा जुने आकडे पुन्हा उमटतात! गाडी अस्सल असण्याचा फायदाही आहे: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. मात्र चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. सीटकव्हर नवं असलं तर माझी हरकत नाही. नागपूरच्या उन्हात रेक्झिन टिकतं कुठे?