जन्मतारीख विचारणारं गाव

ब्रुकलाइन, मॅसॅच्युसेट्स :

परवा कूलिज कॉर्नरच्या एका दुकानात माझ्या पुढच्या तरुणाने सिगारेटचं पाकीट मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं आणि नाही म्हटलं. दाढी राखलेला तो तरुण चांगला पंचविशीचा होता, पण जन्म २००० नंतरचा. या गावात त्याला चाळिशीतही सिगारेट मिळणार नाही.

बॉस्टनला खेटून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये लोकांनी निवडलेली ‘टाउन मीटिंग’ गावाचे कायदे करते. तिने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं, की १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखू वा व्हेप विकायचं नाही. दुकानदार न्यायालयात गेले. राज्याने २१ ही वयोमर्यादा घातली असताना गावाला पुढे जाता येतं का? येतं, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. मग स्टोनहॅम, वेकफील्ड, मेलरोझ यांनीही तसाच नियम केला.

याची वाट जवळच्या नीडहॅमने पाडली होती. २००५ मध्ये त्या गावाने विक्रीचं वय २१ केलं, तेव्हा अमेरिकेत असं कुठेच नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट आणून देतो तो बहुधा त्याच शाळेतला अठरा वर्षांचा मित्र. वय २१ केलं की हा पुरवठादार शाळेतून बाहेर पडतो. २००६ ते २०१० या काळात तिथल्या हायस्कुलात ओढणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. आसपासच्या गावांतली घट याहून बरीच कमी होती. पुढे राज्याने आणि २०१९ मध्ये साऱ्या देशाने २१ हेच वय धरलं.

मला सगळ्यात पटलं ते हे, की ब्रुकलाइनचा नियम ओढणाऱ्या पोराला हात लावत नाही. दंड विकणाऱ्याला होतो. इथली आरोग्य मंडळं कमी वयाच्या मुलांना मुद्दाम गिऱ्हाईक करून दुकानात पाठवतात आणि दुकानदार ओळखपत्र मागतो का ते पाहतात.

आपल्याकडे २००३ च्या कायद्याने अठराखालच्यांना विक्री बंद आहे, शाळेपासून शंभर यार्डांतही बंद. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी सिगारेटही बंद केली. तरी माझ्या शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर कोणी कधी वय विचारल्याचं मला आठवत नाही. मागच्या सुट्टीत गेलो, तेव्हा दप्तर पाठीला लावलेली दोन मुलं तिथेच उभी होती.