कुत्र्यांचे हृदयविकार : प्रकार आणि ओळख

नातेपुते परिसरात, किंबहुना सबंध माळशिरस तालुक्यात, मेंढपाळांच्या कळपाबरोबर आणि शेतवस्तीवर राखणीला कुत्रे असतेच. असे कुत्रे धावता धावता कोसळले, की 'ॲटॅक आला' किंवा 'कोणीतरी विष घातले' असे म्हणून विषय संपविला जातो. दुसऱ्या संशयाने शेजाऱ्यांत विनाकारण वितुष्ट येते, हे वेगळेच! येथे विचार पहिल्या समजुतीचा करावयाचा आहे.

माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी चरबी साचून तुंबते आणि झटका येतो. कुत्र्यांत असे क्वचितच घडते. त्यांचा विकार बहुधा झडपेचा किंवा स्नायूचा असतो.

उतारवयात हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप जाड होते व पुरती मिटत नाही. प्रत्येक ठोक्यास थोडे रक्त मागे परतते, वरचा कप्पा फुगतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचते. खोकला, धाप, लवकर येणारा थकवा ही त्याची लक्षणे होत. कुत्र्यांतील हा सर्वांत अधिक आढळणारा हृदयविकार असून पामेरियन, डॅशहुंड अशा लहान चणीच्या जातींत तो विशेष दिसतो. गावठी कुत्रीही त्यातून सुटत नाहीत. डॉबरमन, ग्रेट डेन यांसारख्या थोराड जातींत मात्र स्नायूच दुबळा होऊन हृदय विस्फारते, ठोक्यांची लय बिघडते आणि वरवर धडधाकट दिसणारे कुत्रे एकाएकी कोसळू शकते. काही पिलांत दोष जन्मजात असतो. जन्मानंतर मिटावयाची एक रक्तवाहिनी उघडीच राहते. ती शस्त्रक्रियेने बंद करता येते. डासांमार्फत शिरणारे हृदयकृमी भारतात मुख्यत्वे ईशान्येकडील राज्यांत आढळतात.

झडपेचा विकार सावकाश वाढतो, म्हणून हाती वेळ असतो. हृदय मोठे झालेल्या, परंतु लक्षणे न दिसणाऱ्या अशा कुत्र्यांना पिमोबेंडान हे औषध दिल्यास हृदय निकामी होणे सुमारे १५ महिन्यांनी लांबते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. हे औषध पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरच द्यावयाचे असते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कुत्र्यास मुळीच देऊ नयेत.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते. कुत्रे गाढ झोपले असता त्याची छाती मिनिटाला किती वेळा वर येते, ते मोजावे. शाळकरी मुलेही हे करू शकतील. उन्हात धापणाऱ्या कुत्र्याचे श्वास मोजण्यात अर्थ नाही. झोपेतील आकडा वारंवार ३० च्या वर जाऊ लागल्यास तारखांसह नोंद करून ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. अधिक तपासण्यांची गरज भासल्यास शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नातेपुत्याहून फलटण, लोणंदमार्गे तेथे जाता येते.