पहिली मोटारसायकल : ऐपत आणि आवाका

पहिला पगार हाती आला की अनेक तरुणांना स्वतःच्या मोटारसायकलीचे वेध लागतात. वाहनकर्जामुळे ऐपतीचा प्रश्न सुटतो. परंतु कर्ज किती मिळेल हे उत्पन्नावर ठरते, गाडी किती पेलेल हे शरीर आणि सराव यांवर. ही दोन मापे एक नव्हेत.

आसनावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर नीट टेकतात का, इंजिन बंद असताना गाडी सहज मागे घेता येते का, हे खरेदीपूर्वी पाहावे. नवशिक्याला शंभर ते सव्वाशे सीसीची हलकी गाडी पुरेशी असते. त्याहून मोठ्या, म्हणजे १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबल्यास चाक जखडून गाडी घसरण्याचा धोका कमी होतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, क्रमाने दाब वाढवत लावण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून रस्ता निसरडा होतो, तेव्हा वेग आवरावा.

कर्जाचा हिशेब मांडताना विमा आणि आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेट, एक स्वतःसाठी व एक मागे बसणाऱ्यासाठी, अवश्य धरावीत. त्यासाठी गाडी थोडी स्वस्तातली घ्यावी लागली तरी चालेल. हप्ते काही वर्षे चालतात. घराला कमावता माणूस मात्र जन्मभर हवा असतो.