जुनी चेन नव्या घड्याळाला बसेल का?

एके काळी मराठवाड्यात लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ देण्याची पद्धत होती, आणि ते बहुधा एचएमटीचे असे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. अंबाजोगाईसारख्या गावात आजही अनेक कपाटांत अशी घड्याळे पडून असतात. यंत्र थांबलेले असते, पण स्टीलची चेन मात्र धडधाकट असते. मग घरातले कुणीतरी म्हणते, "आजोबांची चेन माझ्या नव्या घड्याळाला लावता येईल का?"

येईल, पण दरवेळी नाही. चेन मुळीच बसली नाही, तर नुकसान काही होत नाही. खरा धोका ती 'बसल्यासारखी' वाटते तेव्हा असतो. परळीच्या एसटीत चढताना हात दांडीला घासतो, पिन निसटते आणि घड्याळ गेल्याचे घरी पोचल्यावर कळते. 'बसली' आणि 'बसल्यासारखी वाटली' यांतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. तो मोजण्याचे साधन आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. ते म्हणजे व्हर्नियर कॅलिपर.

सांधा कसा असतो?

घड्याळाच्या तबकडीभोवतीच्या डबीला वर आणि खाली दोन-दोन कान असतात. प्रत्येक कानाच्या आतल्या बाजूला एक बारीक आंधळे छिद्र असते. दोन कानांच्या मध्ये चेनचा टोकाचा दुवा बसतो आणि त्यातून एक पिन जाते. ही पिन साधी सळई नसते. ती एक बारीक नळी असते, तिच्या पोटात स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकांना आत-बाहेर सरकणाऱ्या खुंट्या असतात. खुंट्या दाबून पिन कानांमध्ये घालायची आणि सोडायची. मग खुंट्या आपोआप छिद्रांत शिरतात. सगळे घड्याळ या चार खुंट्यांवर तोललेले असते.

पहिले माप : कानांमधले अंतर

कॅलिपरचे वरचे, आतले माप घेणारे जबडे कानांमध्ये घालून अंतर मोजा. जबडे मिटल्यावर दोन्ही शून्ये जुळतात की नाही, ते आधी पाहा. जुळत नसतील, तर तेवढी दुरुस्ती करा. तीन वेळा मोजून सरासरी काढा. जुन्या पुरुषी घड्याळांत हे अंतर बऱ्याचदा १८ मिमी असते. आजच्या मोठ्या घड्याळांत ते २० किंवा २२ मिमी असते. काही स्मार्ट घड्याळांना कानच नसतात, त्यांची खाच वेगळीच असते. तिथे हा विचार सोडून द्यावा.

आता समजा, अंतर १९ मिमी आहे आणि जुन्या चेनसोबत आलेली पिन १८ मिमीची आहे. आपल्या अंतरात ती बसवली की तिची प्रत्येक खुंटी छिद्रात १ मिमी शिरते, असे धरू. १९ मिमीच्या अंतरात जास्तीचा १ मिमी दोन टोकांत वाटला जातो. म्हणजे प्रत्येक खुंटी फक्त ०.५ मिमी आत राहते. अंतर सहा टक्क्यांपेक्षाही कमी वाढले, पण पकड निम्मी झाली! शिवाय हूकच्या नियमाप्रमाणे स्प्रिंगचा जोर ती किती दाबली गेली आहे, यावर ठरतो. इथे ती जवळजवळ मोकळीच असते. बोटाने ओढून पाहिले तर सांधा पक्का वाटतो, पण एका तिरप्या हिसक्याने तो सुटतो.

म्हणून पहिला नियम असा : पिन नेहमी घड्याळाच्या मापाची घ्यावी, चेनच्या मापाची नव्हे. पिनेची जाडी मात्र चेनच्या छिद्राला आणि खुंटीची जाडी कानातल्या छिद्राला जुळली पाहिजे.

चेन १८ मिमी आणि अंतर २० मिमी असेल, तर २० मिमीची पिन घ्यावी आणि दुव्याच्या दोन्ही बाजूंना पिनेवर १ मिमी लांबीचे नळीचे तुकडे ओवावेत. नाहीतर चेन डावी-उजवीकडे सरकत राहते आणि पिन झिजवते. उलट चेनच रुंद असेल, तर टोकाचा दुवा भरीव आहे का, ते पाहावे. भरीव दुवा कानशीने थोडा घासता येतो. पत्रा दुमडून केलेला पोकळ दुवा घासला, तर तो उघडाच पडतो. घड्याळाचे कान मात्र कधीही घासू किंवा वाकवू नयेत. चूक झालीच, तर स्वस्तातल्या आणि बदलता येणाऱ्या भागात व्हावी.

दुसरे माप : गोलाई

काही चेनचे टोक सरळ असते, काहींचे डबीच्या गोलाईप्रमाणे आत वळलेले असते. सरळ टोकाची चेन, रुंदी जुळली तर, कोणत्याही गोल घड्याळाला चालते. वळलेल्या टोकाचे तसे नाही.

इथे भूमिती कामाला येते. वर्तुळाची जीवा आणि कंस यांच्यामधली सर्वांत मोठी उंची म्हणजे 'शर'. जीवेवर लंब असलेल्या व्यासाचे जे दोन भाग पडतात, त्यांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो, हा नियम आर्यभटाने दिला आहे. जुन्या डबीचा व्यास ३५ मिमी आणि जीवा १८ मिमी धरली, तर शर सुमारे २.४९ मिमी येतो. नव्या डबीचा व्यास ४० मिमी धरला, तर तो २.१४ मिमी येतो. म्हणजे जुन्या दुव्याची दोन टोके डबीला आधी टेकतात आणि मध्ये ०.३५ मिमीची फट राहते. फट डोळ्याला खुपते, पण खरे नुकसान टोके करतात. ती डबीवर चरे पाडतात.

चेन 'ताणली' म्हणजे काय?

जुनी चेन लांबली आहे, असे आपण म्हणतो. पण स्टील ताणले गेलेले नसते. प्रत्येक सांध्यातली पिन आणि छिद्र वर्षानुवर्षे घासून झिजलेले असते. एका सांध्याची झीज ०.१ मिमी असेल, तर २० सांध्यांची २ मिमी होते. चाचणी सोपी आहे. चेनचे एक टोक धरून ती कडेवर आडवी धरा. नवी चेन जवळजवळ सरळ राहते, झिजलेली खाली वाकते. फार वाकत असेल, तर दुवे काढून ती घट्ट होईल, पण पक्की होणार नाही. आजचे घड्याळ अनेकदा जुन्यापेक्षा जड असते. दोन्ही शाळेच्या तराजूवर ठेवून फरक पाहा.

मे महिन्यात चेन घट्ट होते, तेव्हा 'उन्हाने धातू फुगला' असे कारण मुले सांगतात. हिशेब करून घ्या. स्टीलची १६० मिमीची चेन तापमान ३० अंशांनी वाढल्यावर सुमारे ०.०८ मिमी लांबते. म्हणजे ती उलट किंचित सैल व्हायला हवी! खरे तर उन्हात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मनगट फुगते.

धातूकडेही पाहा

स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमचा ऑक्साइडचा अतिपातळ थर त्याला गंजापासून वाचवतो. पण जुनी चमकदार चेन स्टीलचीच असेल, असे नाही. पितळेवर मुलामा दिलेली चेनही असते. मुलामा उडाला की खारट घामात पितळ हिरवे पडते. अशी चेन स्टीलच्या डबीला भिडली आणि मध्ये घाम आला, की विद्युतघटच तयार होतो आणि त्यात पितळ झिजते. मुलाम्याखाली निकेलचा थर असला, तर काहींच्या मनगटावर खाजही उठते. चेन लावण्यापूर्वी कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवावी. सांध्यांत साठलेला मळ कानशीसारखे काम करतो.

वर्गात काय करता येईल?

नववी ते बारावीच्या मुलांना घरातली जुनी-नवी घड्याळे आणायला सांगा. कानांमधले अंतर, चेनची रुंदी, डबीचा व्यास आणि वजन यांचा तक्ता करा. मग कोणती चेन कोणत्या घड्याळाला चालेल, हे आधी कागदावर ठरवा आणि नंतर लावून पाहा. पिन काढताना तिच्यावर बोट ठेवायला सांगा, नाहीतर स्प्रिंगमुळे ती उडून डोळ्याला लागू शकते. व्हर्नियरने लाकडी ठोकळा मोजताना दशांश मिलिमीटर कशाला हवा, हे मुलांना उमगत नाही. ०.५ मिमीवर टिकलेले आजोबांचे घड्याळ हातात आले, की ते लगेच उमगते.